वर सोपवलेली सत्ता आणि बाईचा पगार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रकात या सत्राचं नाव 'अधिराष्ट्रीय संस्था आणि धोरणनिर्मिती' असं छापलंय. ते वाचून चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "ताई, हे आपल्या कामाचं आहे का?" शब्द जड आहे, कबूल. गोष्ट मात्र साधी आहे. एखादं सरकार आपल्या हातातला काही विषय आपण होऊन वरच्या एका संस्थेच्या हवाली करतं आणि लिहून देतं, की यापुढे या विषयात तुम्ही ठरवाल ते आमच्यावर बंधनकारक राहील. ती संस्था मग राष्ट्रांच्या वर बसते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्त्रीविषयक करारांचं तसं नाही. तिथे सह्या होतात आणि मंडळी घरी परतली की फाइल कपाटात जाते. सीडॉ कराराला आपण १९९३ साली मान्यता दिली. पण देताना 'समाजांच्या खाजगी बाबतीत त्यांच्या संमतीशिवाय हस्तक्षेप करणार नाही' अशी पुस्ती जोडली. त्याबद्दल भारत सरकारला जाब विचारायला खेचता येईल असं कोर्टच नाही.

आपल्या चळवळीत या 'वर'बद्दल दोन टोकाच्या भावना आहेत. एकीकडे आंतरराष्ट्रीय करार म्हणजे मोठा आधार. १९९७ सालच्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सीडॉचा हवाला घेतला, हे आपण सगळ्या प्रशिक्षणांत सांगतो. दुसरीकडे जागतिक बँक, जागतिक व्यापार संघटना म्हटलं की परक्याचा हात आपल्या ताटात आला, असं आपण म्हणतो. दोन्ही भावना अनुभवातून आल्या आहेत. पण सत्ता वर गेली की बाईच्या बाबतीत नेमकं काय घडतं, हे त्यातून कळत नाही. ते बघायचं तर युरोपकडे बघायला हवं. तिथे वरच्या संस्थेला कायदा करता येतो, तिचं स्वतःचं कोर्ट आहे, आणि ऐकलं नाही तर सरकारला दंडही होतो. आणि त्या कोर्टाकडून सगळ्यात मोठं काम करून घेतलेल्यांमध्ये एक विमानातली नोकरदार बाई आहे. तिची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

१९५७ साली रोममध्ये सहा देशांनी करार केला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग. करार सामाईक बाजारपेठेचा. जकात, शेतमाल, भांडवल, मजुरांची ये-जा, असे त्यातले विषय. त्याच्यात ११९ क्रमांकाचं एक कलम बसलं: समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन. आता हे कलम तिथे कुठून आलं? बायकांनी मोर्चा काढला म्हणून आलं नाही. समान वेतनाचं तत्त्व फ्रान्सने आधीच स्वीकारलं होतं. तिथल्या उद्योगांना, विशेषतः जिथे बायकाच जास्त राबतात त्या कापडधंद्याला धास्ती होती, की जकात उठली की शेजारचे कारखाने बायकांना कमी मजुरी देऊन स्वस्त माल आपल्या बाजारात आणून ओततील. म्हणून फ्रान्सने आग्रह धरला. बाईच्या पगाराचं कलम आलं ते मालकांच्या काळजीपोटी.

मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. हत्यार कोणी कशासाठी घडवलं यापेक्षा ते कोणाच्या हाताला लागतं हे महत्त्वाचं. पण हे कलम हाताला लागायला बराच वेळ गेला. करारात १९६१ अखेरची मुदत होती. ती संपता संपता सहाही सरकारांनी बसून एक ठराव केला आणि मुदत १९६४ अखेरपर्यंत ढकलली. तीही उलटून गेली.

मग १६ फेब्रुवारी १९६६ उजाडला. बेल्जियममध्ये लिएज शहराजवळ हेर्स्ताल नावाचं गाव आहे. तिथे बंदुका आणि काडतुसं बनवणारा मोठा जुना कारखाना. त्यातल्या सुमारे तीन हजार बायका संपावर गेल्या. यंत्राला जुंपलेल्या या बायकांना तिथे 'यंत्रबाया' म्हणत. बारा आठवडे संप चालला. 'समान कामाला समान दाम' ही घोषणा तर होतीच, पण या बायका ११९ व्या कलमाचंही नाव घेत होत्या. कामगार बाई संपात आंतरराष्ट्रीय कराराच्या कलमाचा आकडा सांगते, हे मला फार मोठं वाटतं. मागणी तासाला पाच फ्रँक वाढीची होती. मिळाले पावणेतीन, तेही दोन हप्त्यांत.

त्याच सुमाराला एलियान फोगेल-पोल्स्की नावाची एक कामगार कायद्याची वकील एक मुद्दा लावून धरत होती. तिचं म्हणणं असं, की हे कलम म्हणजे सरकारांना केलेला नुसता उपदेश नाही. कुठलीही कामगार बाई ते हातात घेऊन थेट आपल्या गावच्या कोर्टात उभी राहू शकते. सरकारने कायदा केला असो वा नसो. बड्या कायदेपंडितांना हे पटत नव्हतं. कोर्टाकडून हे वदवून घ्यायला एक केस हवी होती, आणि ती मिळाली गाब्रिएल डेफ्रेनच्या रूपाने.

डेफ्रेन १९५१ पासून साबेना या बेल्जियमच्या विमान कंपनीत हवाई सुंदरी होती. (हा आपला शब्दच बघा. 'सुंदरी' हे काय नोकरीचं नाव झालं? पुरुषाला कोणी 'हवाई राजबिंडा' म्हणतं का?) तिच्या नेमणुकीच्या करारात अट होती, की वयाच्या चाळिसाव्या वर्षी बाईची नोकरी संपेल. तेच काम करणाऱ्या पुरुषाला ही अट नाही. १५ फेब्रुवारी १९६८ रोजी तिची नोकरी संपली. त्याआधीची काही वर्षं तिचा पगारही पुरुषांपेक्षा कमी होता. पेन्शनची व्यवस्थाही वेगळी.

तिची तीन प्रकरणं लक्झेंबर्गच्या युरोपीय कोर्टापर्यंत गेली. पहिलं पेन्शनचं. १९७१ साली ती हरली. कोर्ट म्हणालं, कायद्याने ठरवलेली सामाजिक सुरक्षेची पेन्शन हे 'वेतन' नव्हे. तिसरं चाळिसाव्या वर्षी काढून टाकण्याचं. १९७८ साली तेही हरली. करारात वेतनाबद्दल लिहिलंय, नोकरी कधी संपावी याबद्दल नाही. मधलं मात्र जिंकली. तारीख ८ एप्रिल १९७६. मागितलेली रक्कम होती १२,७१६ बेल्जियन फ्रँक, म्हणजे तीनएक वर्षांच्या पगारातला फरक. तेवढ्यासाठी सगळ्या युरोपचा कायदा हलला. कोर्टाने सांगितलं की ११९ वं कलम थेट लागू आहे. सरकारवर आहे तसंच खाजगी मालकावरही आहे, आणि युनियनने मालकाशी केलेल्या करारावरही आहे. आणि सरकारांनी आपसात ठराव करून जी मुदत ढकलली होती, तिला काही अर्थ नाही. करार असा ठरावाने बदलत नसतो.

त्याच निकालातला पुढचा भागही सांगायला हवा, कारण आपण विजय साजरे करताना तो गाळतो. ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी कोर्टाला सांगितलं होतं, की मागची सगळी थकबाकी द्यायची झाली तर आमचे उद्योग बुडतील. कोर्टाने ते मनावर घेतलं. ज्यांनी आधीच दावे लावले आहेत त्यांचं ठीक, बाकी बायकांना ८ एप्रिल १९७६ च्या आधीचं काही मागता येणार नाही. तत्त्व मान्य, मागची बाकी माफ. बाकी ज्यांची बुडाली त्यांना कोणी विचारलंही नाही.

आता आपल्याकडचं बघा. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९८१ साली निकाली निघाला. तिथे अटी होत्या: वय पस्तीस झालं, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं, किंवा पहिल्यांदा दिवस राहिले, यातलं जे आधी होईल तेव्हा नोकरी संपणार. पुरुष फ्लाइट पर्सर मात्र अठ्ठावन्नपर्यंत. न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, वय वाढवून द्यायचा साहेबांचा मनमानी अधिकार काढला. लग्नाची आणि वयाची अट मात्र राहू दिली. म्हणजे चाळिशीच्या अटीवर डेफ्रेन तिकडे हरली आणि पस्तिशीच्या अटीवर आपल्या बायका इकडे हरल्या. फरक पुढे पडला. तिकडे फेब्रुवारी १९७६ मध्येच वरच्या संस्थेने नोकरीतल्या समान वागणुकीचा हुकूमनामा काढला होता. तो सगळ्या देशांवर बंधनकारक. त्याच्या आधारावर ब्रिटनमधली एक सरकारी दवाखान्यातली नोकरदार बाई, हेलन मार्शल, बायकांनी पुरुषांच्या आधी निवृत्त व्हावं या सक्तीविरुद्ध १९८६ साली जिंकली. थॅचरबाईंचं सरकार असताना, आणि त्या सरकारला न विचारता!

इथपर्यंत ऐकून वाटेल, की मग सत्ता वर गेलेलीच बरी. थांबा.

वरच्या संस्थेला तुम्ही जो विषय दिला, त्याच विषयाच्या चष्म्यातून ती बाईकडे बघते. युरोपला बाजारपेठ आणि नोकरी दिली होती. घर दिलं नव्हतं, शरीर दिलं नव्हतं. त्यामुळे गंमत कशी होते बघा. १९९२ साली बाळंतपणाच्या रजेचा हुकूमनामा आला, किमान १४ आठवडे. तो कुठल्या खाली आणला? कामाच्या जागेवरची सुरक्षितता आणि आरोग्य या सदराखाली. कारण त्या सदरात बहुमताने निर्णय होत होता, बाकी सामाजिक विषयांत एकमत लागायचं आणि ब्रिटन नकार देणार हे ठरलेलं. म्हणून बाळंतपण जाऊन बसलं शिसं आणि धोकादायक यंत्रांच्या पंक्तीला. पुढे २०१० साली युरोपीय संसदेने पूर्ण पगारी २० आठवडे मंजूर केले. सरकारांच्या मंडळाने ते अडवून ठेवले आणि २०१५ साली प्रस्तावच मागे घेतला गेला. आपल्याकडे २०१७ साली कायद्याने २६ आठवडे केले. ते किती बायकांना मिळतात हा वेगळा, आपल्या रोजच्या भांडणाचा विषय आहे. पण 'वर' म्हणजे नेहमी पुढे, असं समजायचं कारण नाही.

रात्रपाळीचं तसंच. फ्रान्समध्ये कारखान्यात बायकांना रात्रपाळी मना होती, आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यासारखीच. एका कारखान्यात परदेशी स्पर्धेमुळे कामगारकपातीची पाळी आली, तेव्हा युनियनशी बोलून रात्रपाळी सुरू केली. बायकांनीही मतदान करून तिला होकार दिला. सरकारने व्यवस्थापक स्टोकेल यांच्यावर खटला भरला. १९९१ साली युरोपीय कोर्ट म्हणालं, फक्त बायकांना बंदी हा भेदभाव आहे. फ्रान्सने त्यानंतर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या रात्रपाळीच्या करारातूनच अंग काढून घेतलं. आपल्यात यावर दोन मतं आहेत आणि ती असू द्यावीत. माझं मत सांगते: कोर्टापुढे प्रश्न 'बाई आणि पुरुष सारखे की नाहीत' एवढाच आला. रात्रपाळी मुळात माणसाला किती सोसते, पहाटे घरी आल्यावर मुलांचा डबा कोण करतं, हे विचारायची त्या कोर्टाला सोयच नव्हती. समानता म्हणजे पुरुषाला जे सोसावं लागतं ते बाईलाही, इतकाच अर्थ उरला.

आयर्लंडचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९८३ साली त्या देशाने घटनेतच गर्भाच्या जिवाला आईच्या जिवाइतकाच हक्क देऊन टाकला. गर्भपात हवा असलेल्या बायका बोटीने इंग्लंडला जात. काही विद्यार्थी संघटना इंग्लंडमधल्या दवाखान्यांचे पत्ते आणि फोन नंबर छापून वाटायच्या. गर्भपातविरोधकांनी त्यांना कोर्टात खेचलं आणि प्रकरण लक्झेंबर्गला गेलं. ऑक्टोबर १९९१ मध्ये निकाल आला: गर्भपात ही एक 'सेवा' आहे, आणि सेवा म्हटली की सामाईक बाजारपेठेचे नियम तिला लागू. पण या विद्यार्थी संघटनांचा त्या दवाखान्यांशी काही आर्थिक संबंध नाही, म्हणून त्यांना या नियमांचं संरक्षण नाही. नीट ऐकलंत ना? दवाखान्याची जाहिरात म्हणून पैसे घेऊन पत्ते वाटले असते तर निकाल वेगळा लागू शकला असता. एकमेकींना मदत म्हणून वाटले, तर बाजारपेठेच्या कायद्याला ते दिसतच नाही. बाईच्या हक्काबद्दल कोर्ट एक अक्षर बोललं नाही.

एवढ्यानेही आयर्लंड सरकार बिथरलं. पुढच्या मास्ट्रिख्ट कराराला त्याने एक पुस्ती जोडून घेतली, की युरोपच्या कुठल्याही कराराचा आमच्या त्या कलमावर परिणाम होणार नाही. म्हणजे सरकारं सत्ता वर सोपवतात तेव्हा बाईच्या शरीराची चावी मात्र खिशात ठेवतात. तीच सरकारं पगाराच्या, जकातीच्या, चलनाच्या चाव्या देऊन मोकळी होतात. आपलं सीडॉच्या पुस्तीचं याहून वेगळं काय आहे?

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये गॉलवे इथे सविता हलप्पनवार गेली. आपल्या शेजारच्या, बेळगावच्या कुटुंबातली, दातांची डॉक्टर. गर्भ वाचणार नाही हे दिसत असताना गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने तिचा जीव गेला. तिच्या फोटोंचे फलक घेऊन तिथल्या बायका रस्त्यावर आल्या. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त मतांनी ते कलम उडालं. हे काम ना ब्रसेल्सने केलं ना लक्झेंबर्गने. दारोदार फिरून तिथल्या बायकांनी केलं.

आता पैशाच्या सत्तेकडे येते. कोर्टापेक्षा ही वेगळी जात आहे. युरो आला तेव्हा देशांनी आपल्या चलनाची सत्ता युरोपीय मध्यवर्ती बँकेला दिली. करारातच लिहिलंय, की या बँकेने कुठल्याही सरकारकडून आदेश घ्यायचे नाहीत. ५ ऑगस्ट २०११ रोजी या बँकेच्या अध्यक्षांनी आणि होऊ घातलेल्या अध्यक्षांनी, म्हणजे त्रिशे आणि द्रागी यांनी, इटलीच्या पंतप्रधानांना एक गुप्त पत्र लिहिलं. इटली कर्जाच्या कचाट्यात होती, बँकेने तिचे रोखे विकत घेणं गरजेचं होतं. पत्रात कामांची यादी होती. त्यात एक काम असं: खाजगी नोकरीतल्या बायकांचं पेन्शनचं वय लवकरात लवकर सरकारी नोकरीतल्या बायकांच्या बरोबरीला आणा. पत्र सप्टेंबरअखेर वर्तमानपत्रात फुटलं म्हणून लोकांना कळलं.

सरकारी नोकरीतल्या बायकांचं वय कुठून आलं होतं? ते आलं होतं त्याच आपल्या समान वेतनाच्या कलमातून. इटलीत सरकारी नोकरीत बायकांना ६० आणि पुरुषांना ६५ वर्षांनी पेन्शन मिळायची. युरोपीय कोर्टाने २००८ साली ठरवलं की हा वेतनातला भेदभाव आहे. समानता करायची तर पुरुषांचं वय खाली आणता आलं असतं, किंवा मुलं-म्हातारी सांभाळण्यात गेलेली वर्षं मोजून दोघांनाही सूट देता आली असती. बायकांचं वय ६५ केलं. मग बँकेने त्याच आकड्याकडे बोट दाखवून खाजगी नोकरीतल्या बायकांना वर ओढलं. डिसेंबर २०११ मध्ये नव्या सरकारच्या कामगारमंत्री एल्सा फोर्नेरो ही सुधारणा जाहीर करत होत्या. 'त्याग' हा शब्द उच्चारताना त्यांना रडू कोसळलं आणि वाक्य पुरं करता आलं नाही. खाजगी नोकरीतल्या बाईचं पेन्शनचं वय साठावरून काही वर्षांत छासष्टवर गेलं. जिथे पाळणाघरं अपुरी आहेत आणि नातवंडं आजीच सांभाळते, त्या देशात याचा अर्थ काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. ग्रीसमध्ये तर कर्ज देणाऱ्यांच्या अटीवर २०१२ साली किमान वेतनच २२ टक्क्यांनी कापलं. पंचविशीच्या आतल्यांचं ३२ टक्क्यांनी.

कोर्ट आणि बँक, दोन्ही राष्ट्रांच्या वरच. मग फरक कुठे पडला? डेफ्रेन आपल्या शहरातल्या कोर्टात अर्ज घेऊन गेली आणि त्या कोर्टाने प्रश्न वर पाठवला. तिच्यासाठी एक दार होतं. अरुंद होतं, खर्चिक होतं, तीनपैकी दोन वेळा बंद झालं, पण होतं. बँकेच्या त्या पत्राविरुद्ध इटलीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने कुठे अर्ज करायचा? ते तर साधं पत्र. त्याला कायदा म्हणत नाहीत, म्हणून त्याच्यावर दादही नाही.

काही जणी म्हणतील, मग सगळं परत घ्यावं. ब्रिटनने घेतलं. २०१६ चं सार्वमत, २०२० साली बाहेर. टेस्को नावाच्या मोठ्या दुकानसाखळीत बहुतेक बायका गल्ल्यावर आणि फडताळं लावायला असतात. गोदामात बहुतेक पुरुष, त्यांना दर जास्त. हजारो जणांनी, बहुतेक बायकांनी, दावा लावला की आमचं काम समान मोलाचं आहे. जागा वेगळी असली तरी मालक एकच आहे, पगार ठरवणारा एकच आहे. युरोपीय कोर्टाने जून २०२१ मध्ये त्यांच्या बाजूने सांगितलं, की समान मोलाच्या कामालाही ते जुनं ११९ वं कलम (आता त्याचा नंबर १५७ आहे) थेट लागू आहे. ब्रिटन बाहेर पडण्याआधी प्रश्न पाठवलेला होता म्हणून हे उत्तर मिळालं. मग २०२३ अखेर युरोपचे कायदे पुसायची वेळ आली, तेव्हा 'पगार ठरवणारा एकच असला तर तुलना करता येते' हा नियम सरकारला आपल्या समानता कायद्यात नव्याने लिहून घ्यावा लागला. १ जानेवारी २०२४ पासून तो तिथला स्वतःचा कायदा आहे. पण उद्या एखाद्या सरकारने तो काढायचं ठरवलं, तर वर जाब विचारणारं आता कोणी नाही.

हे 'समान मोलाचं काम' म्हणजे काय, हे मला कामगार न्यायालयात रोज आठवतं. एका औषध कारखान्यातल्या पॅकिंगच्या बायकांचं प्रकरण माझ्याकडे आहे. आठ तास मान मोडून गोळ्यांच्या पट्ट्या तपासायच्या, एक चुकली तर मेमो. पेट्या उचलणाऱ्या पुरुषाला दर जास्त, कारण ते 'जड काम'. आपला १९७६ चा समान मोबदला कायदा म्हणायचा 'तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम'. २०१९ च्या वेतन संहितेतही शब्द तेच राहिले. 'समान मोलाचं' हा शब्द आपण १९५८ साली मान्यता दिलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारात आहे, आपल्या कायद्यात नाही. माझ्या पॅकिंगच्या बायकांना तो शब्द मागायला वर जाता येत नाही. युरोपने २०२३ साली पगार उघडे करण्याचा हुकूमनामा काढला आणि जून २०२६ ची मुदत दिली. तिथे बाई मालकाला विचारू शकेल, की समान मोलाचं काम करणाऱ्या पुरुषांचा सरासरी पगार किती.

आपण भारतात खरोखर बंधनकारक अशी सत्ता कुठे दिली असेल, तर ती व्यापाराच्या करारांत. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांमुळे १ जानेवारी २००५ पासून औषधांच्या पदार्थावरच पेटंट देणं आपल्याला भाग पडलं. पण तेव्हा रुग्णांच्या आणि आरोग्याच्या संघटनांनी, डाव्या पक्षांनी रान उठवलं, आणि कायद्यात ३(ड) हे कलम आलं: जुन्याच औषधाला किरकोळ फिरवून नवं पेटंट मिळणार नाही. त्याच जोरावर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीला ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाचं पेटंट नाकारलं. सोपवतानाच खालच्या कायद्यात जागा राखता येते. ती राखायची वेळ सही होण्याच्या आधीची किंवा लगेच नंतरची असते, आणि तेव्हा आपण बहुधा दुसऱ्या मोर्चात असतो.

म्हणून एक काम सुचवते. भारताने ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये व्यापार करार केला. त्यात व्यापार आणि स्त्री-पुरुष समानता असं एक वेगळं प्रकरण आहे. फार मोठं नाही, एका बैठकीत वाचून होईल. इंग्रजी ज्यांना येतं त्यांनी बाकीच्यांना समजावून सांगावं. वाचताना सुरुवातीच्या गोड वाक्यांवर वेळ घालवू नका. आधी शेवटच्या कलमांकडे जा आणि बघा, की हे प्रकरण मोडलं तर दाद कोणाकडे लिहिली आहे. मग मालाच्या आणि इतर व्यापारी प्रकरणांची तीच कलमं काढा आणि शेजारी ठेवून वाचा. टिपणं काढून आणलीत, तर पुढच्या बैठकीत आपण त्यावर बसू.